आखूडशिंगी, बहुदुधी ट्रक

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'परदेशातले अनुभव' हा विषय दिला होता. त्या विषयावर आपल्या तुकडीतले निदान दहा जण बोलू शकतील आणि दहाही भाषणं बरीचशी सारखी होतील. म्हणून परवानगी काढून मी विषय बदलून घेतला. मी बोलणार आहे ट्रकवर. तोही नवा ट्रक नाही, लष्कराने वापरून बाजूला काढलेला. आणि नेमका प्रश्न असा, की त्याचा मागचा हौदा कापून आखूड करायचा, की काढून दुसरं काही बसवायचं? हसलात तरी चालेल. पण टेक्निकलची मुलं इथे बरीच बसली आहेत, त्यांना यात गोडी वाटेल असा मला भरवसा आहे. बाकीच्यांनी निदान 'तरफ' हा धडा आठवून ठेवा, पुढे लागणार आहे.

मी ओक्लाहोमात राहतो. गहू, गुरं, तेलविहिरी आणि वारा, या चार गोष्टींत ते राज्य सांगून होतं. हिवाळा संपता संपता, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि वारा थांबत नाही. त्यात तिथला लाल सीडर नावाचा झाड-झुडुपाचा प्रकार माळावर पसरलाय, तो पेटला की रॉकेल ओतल्यासारखा पेटतो. मार्च २०१७ मध्ये ओक्लाहोमाच्या बीव्हर परगण्यात लागलेली आग शेजारच्या कॅन्सस राज्यात घुसली, ती स्टारबक आग म्हणून ओळखली जाते. अशा आगींशी पहिला सामना करतात ती गावागावांतली स्वयंसेवी अग्निशमन दलं. पगार नाही. गव्हाचा शेतकरी, गॅरेजवाला, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, असे लोक खिशातला पेजर वाजला की हातातलं काम टाकून धावतात. मी मशीनच्या धंद्यातला माणूस, म्हणून मी आग विझवायला कमी आणि गाड्या दुरुस्त करायला जास्त जातो.

या दलांना नवी आगगाडी (म्हणजे आगीचा बंब, रेल्वे नव्हे!) परवडत नाही. तिची किंमत लाखो डॉलरच्या घरात. मग ती काय करतात? लष्कराचे जुने ट्रक घेतात. अमेरिकेच्या वनखात्यामार्फत हे ट्रक राज्यांच्या वनविभागांना मिळतात आणि तिथून गावच्या दलांना. एका योजनेत मालकी सरकारकडेच राहते, गाडी फक्त वापरायला. दुसरीत ती दलाच्या नावावर होते. यावर किती गावं अवलंबून आहेत हे २०१४च्या उन्हाळ्यात कळलं. धुराच्या प्रदूषणाच्या नियमांबाबत पर्यावरण खात्याशी झालेल्या एका जुन्या कराराचा आधार घेऊन संरक्षण खात्याने हे ट्रक देणं अचानक थांबवलं. ओक्लाहोमातून आणि इतर राज्यांतून एवढी ओरड झाली, की काही आठवड्यांत निर्णय फिरवावा लागला.

आता ट्रक कसला ते सांगतो. तुम्हाला आपल्याकडचा शक्तिमान आठवत असेल, जबलपूरला जर्मन 'मान' कंपनीच्या परवान्यावर बनायचा तो. तिकडे त्या जागी एम-३५. रिओ कंपनीने बनवलेला, १९५० पासून सैन्यात. रिओ हे नाव रॅन्सम ई. ओल्ड्स या कारखानदाराची आद्याक्षरं जोडून झालंय. पुढे इतर कंपन्यांनीही तो बनवला. लोक त्याला 'ड्यूस अँड अ हाफ' म्हणतात; ड्यूस म्हणजे पत्त्यातली दुर्री, म्हणजे 'अडीच'. रस्ता सोडून माळरानात गेला तर अडीच टन माल. त्यांचा टन लहान, ९०७ किलोंचा, म्हणजे आपले सुमारे २२७० किलो. चांगल्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट. रिकामा ट्रक जवळपास ५९०० किलो. सहाही चाकांना इंजिनाची ताकद, मागे दोन अ‍ॅक्सल, सुमारे १२ फुटी हौदा. नंतरच्या मॉडेलचं इंजिन तर खादाड पाहुण्यासारखं: डिझेल द्या, रॉकेल द्या, विमानाचं इंधन द्या, वेळ पडली तर पेट्रोल द्या, खाऊन घेतं.

असे ट्रक सरकारी लिलावात हौशी लोकही घेतात. आणि हौशी माणसाला पहिली अडचण येते ती लांबीची. गॅरेजमध्ये मावत नाही, वळायला मैदान लागतं. मग तो मागचा एक अ‍ॅक्सल काढून टाकतो, चॅसीची शेपटी कापतो आणि हौदा आठ-नऊ फुटांवर आणतो. काही जण कापाकापी करण्याऐवजी एम-१०५ या लष्करी दीड टनी ट्रेलरचा हौदा आणून चढवतात. तो आधीच आखूड, घडण त्याच जातीची, आणि दिसायलाही मूळचाच वाटतो. याला तिकडे 'बॉब' करणं म्हणतात, बायकांच्या बॉबकटातला बॉब. काम झालं की ट्रक खरोखर देखणा दिसतो. छोटा, उंच, रेड्यासारखा.

गॅस कटर हातात असला की चॅसी कापायला एक दुपार पुरते. पण लोखंड कापलं जातं तेव्हा भार कापला जात नाही. तो दुसरीकडे जाऊन बसतो. कुठे जाऊन बसला, ते डोळ्यांना दिसत नाही.

मागचे दोन अ‍ॅक्सल कसे जोडलेले असतात ते बघा. आपल्या साध्या ट्रकला पाटे असतात, त्यांची दोन्ही टोकं चॅसीला आणि पोट अ‍ॅक्सलवर. एम-३५ ला मागे उलटं आहे. पाट्याचा मध्य चॅसीच्या एका खुंटीवर बसवलेला आणि दोन टोकं दोन अ‍ॅक्सलवर टेकलेली. म्हणजे सी-सॉ. एक चाक दगडावर चढलं की दुसरं खाली दाबलं जातं आणि चॅसी निम्मीच उचलली जाते. फार सुंदर रचना आहे. आता यातला एक अ‍ॅक्सल काढा. सी-सॉच्या एका टोकावरचा मुलगा उठून घरी गेला! पाट्याचं ते टोक आता कशावर दाबणार? म्हणून अख्खी पाट्यांची बांधणी बदलावी लागते. साध्या ट्रकसारखे पाटे आणि लटकन बसवावं लागतं. जे लोक हे नीट करतात त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. जे 'चालतंय की' म्हणून वेल्डिंग मारून मोकळे होतात, त्यांच्या गाडीखाली मी जॅक लावूनही झोपत नाही.

दुसरी गोष्ट लोकांच्या ध्यानातच येत नाही. सहा चाकांच्या जागांना सहा ब्रेक. एक अ‍ॅक्सल गेला की त्याच्याबरोबर दोन ब्रेक गेले. शिवाय एम-३५ च्या जुन्या मॉडेलांत ब्रेक हवेच्या मदतीने चालणारे पण ऑइलचे, आणि सगळ्यांना मिळून मास्टर सिलिंडर एकच. एका चाकाचा सिलिंडर गळला तर पायडल तळाला जातं आणि सगळेच ब्रेक जातात. सैन्यात गाड्यांची नियमित तपासणी होते, तिथे चाललं. गावच्या दलात गाडी पंधरा-पंधरा दिवस शेडमध्ये उभी असते आणि मग एकदम वाऱ्यात, धुरात, ताशी ८० किलोमीटरने पळवली जाते. म्हणून आमच्या शेडमध्ये असा ट्रक आला की रंग, दिवे, भोंगा सगळं नंतर. आधी ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग करायचे, एक गेला तर दुसरा राहील असे.

आता मुख्य गोष्ट. पलीकडच्या एका गावच्या दलाला (नाव सांगत नाही, भली माणसं आहेत) एका हौशी माणसाने असा आखूड केलेला ट्रक देणगी दिला. त्या कापणाऱ्याचं काम चांगलं होतं. पाटे व्यवस्थित, वेल्डिंग स्वच्छ. दलाच्या प्रमुखाने छोटा हौदा उतरवला आणि तेलविहिरीवरून स्वस्तात मिळालेली १००० गॅलनची पोलादी टाकी चढवली. टाकी लांब, म्हणून ती मागे सरकवून बसवली, अ‍ॅक्सलच्या बरीच मागे. पंप जोडला, लाल रंग दिला आणि ब्रेकचं काम करून घ्यायला ट्रक आमच्याकडे आणला. आणणारा ड्रायव्हर खूश. म्हणाला, 'टाकी भरली की स्टिअरिंग लोण्यासारखं फिरतं.'

सर, तुम्ही हे ऐकलं असतं तर खडू फेकून मारला असता.

गॅलन त्यांचा, ३.७८५ लिटरचा. म्हणजे १००० गॅलन पाणी ३७८५ किलो. माळरानावरची मर्यादा २२७० किलो, आणि तीही दोन मागचे अ‍ॅक्सल असताना. मी प्रमुखाला हे कागदावर मांडून दाखवलं. तो साठीचा शेतकरी, चांगला माणूस. म्हणाला, 'तुझा कागद बरोबर असेल. पण मागच्या वर्षी माझ्याकडे पाणी संपलं आणि एका म्हातारीचं घर माझ्या डोळ्यांदेखत गेलं. मला वळायला छोटा ट्रक पाहिजे आणि त्याच्यावर भरपूर पाणी पाहिजे.' मला आपली म्हण आठवली: आखूडशिंगी, बहुदुधी गाय सगळ्यांनाच हवी असते. त्याला इंग्रजीतून समजावून सांगितली, तर तो म्हणाला, 'आमच्याकडे तशी एक होती, पण ती लाथा फार मारायची.'

त्याचं म्हणणं मी उडवून लावलं नाही, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. कागदावरचा आकडा शेतकऱ्याला पटत नाही, काट्यावरचा पटतो. आपल्याकडे उसाला काटा, तिकडे गव्हाला. गावाबाहेर धान्याच्या कोठारावर मोठा वजनकाटा आहे. आम्ही ट्रक तिथे नेला. आधी रिकाम्या टाकीने फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली. मग टाकी भरली आणि पुन्हा फक्त पुढची चाकं घेतली. काटा पौंडांत दाखवतो, मी तुम्हाला किलोंत सांगतो. रिकामी असताना पुढच्या चाकांवर २५९० किलो. भरल्यावर १९००.

ट्रकवर पावणेचार टन पाणी चढलं आणि पुढची चाकं जवळजवळ ७०० किलोंनी हलकी झाली! काट्याजवळ चार-पाच शेतकरी उभे होते, त्यांना वाटलं काटाच बिघडला. आता तो धडा काढा. टेकू, भार, भारभुजा, बल, बलभुजा. मागचा अ‍ॅक्सल हा टेकू. टाकीचा मध्य त्याच्या ६० सेंटीमीटर मागे. पुढचा अ‍ॅक्सल ३.३ मीटर पुढे. ३७८५ ला ६० ने गुणा, ३३० ने भागा. ६८८. सी-सॉवर मागे जाड मुलगा बसला की पुढचा वर जातो, एवढंच. लोण्यासारखं फिरणारं स्टिअरिंग म्हणजे जमिनीला न टेकणारं चाक. कोरड्या, सपाट रस्त्यावर ते छान वाटतं. ओल्या गवतावर, उतारावर, ब्रेक मारताना तुम्ही स्टिअरिंग फिरवता आणि ट्रक सरळ जातो.

मग मागची चाकं घेतली. सात टनांना जरासं कमी. मूळ ट्रक रस्त्यावर पुरा भरला, तरी एका मागच्या अ‍ॅक्सलवर माझ्या हिशेबाने चार टनांच्या आतच येतात. म्हणजे पावणेदोनपटीहून जास्त. आणि हे थांबवायला आता सहाऐवजी चार ब्रेक, त्यातले पुढचे दोन अर्धवट अधांतरी.

त्या टाकीत आणखी एक खोड होती. तेलविहिरीची टाकी एका जागी उभी राहण्यासाठी केलेली, आतून सरसकट मोकळी. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे आपल्याला कळशी डोक्यावर नेणाऱ्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं. काठोकाठ भरलेली कळशी शांत असते, अर्धी झाली की ती तुम्हाला चालवते. आग विझवताना टाकी बहुतेक वेळ अर्धीच असते. वळणावर दीड-दोन टन पाणी एका बाजूला धावत गेलं की ट्रक त्याच्यामागे जातो. म्हणून बंबाच्या टाकीत आडव्या-उभ्या भिंती घालतात, पाण्याला पळायला जागा राहू नये म्हणून. असे टँकर उलटून स्वयंसेवक मेल्याच्या घटना तिकडे इतक्या झाल्या, की अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००३ साली टँकर सुरक्षित कसे चालवावेत यावर वेगळा अहवाल काढला.

प्रमुख काट्यावरच्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिला. ड्रायव्हर त्याच्या मोठ्या मुलीचा नवरा. त्याने खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, 'मग तूच सांग, काय करायचं.'

यावर तिकडे डोकं चालवणाऱ्यांची एक जुनी जागा आहे. मिशिगन राज्यात रॉसकॉमन इथे १९२९ पासून वणव्यांच्या साधनांवर प्रयोग करणारं केंद्र आहे आणि लष्करी ट्रकचे बंब कसे करावेत याचे आराखडे तिथून निघत आले आहेत. त्यांचा आणि माझा कल एकच: एम-३५ ची शेपटी कापू नका. सहा चाकं राहू द्या, फक्त हौदा उतरवा आणि त्याच्या जागी ५०० गॅलनच्या आसपासची, बुटकी, आतून भिंती असलेली टाकी चॅसीच्या जितकी जवळ आणि जितकी पुढे बसेल तितकी बसवा. ५०० गॅलन म्हणजे १८९३ किलो. उरलेल्या पावणेचारशे किलोंत आणि उतरवलेल्या हौद्याच्या वजनात टाकी, पंप, पाइप आणि माणसं बसतात. आणि टाकी चार कोपऱ्यांवर घट्ट आवळू नका. ही चॅसी खडबडीत जमिनीवर पिळवटायची म्हणूनच बनवलेली आहे. मूळ हौद्याचे पुढचे बोल्टसुद्धा त्यासाठीच स्प्रिंगवर बसवलेले असतात. चार कोपरे पक्के केलेत तर चॅसी पिळवटणार आणि टाकीची शिवण फाटणार. तीन ठिकाणी टेका, स्वयंपाकघरातली तिवई कधी डुगडुगत नाही तशी. आणि कृपा करून चॅसीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोकं पाडू नका; पाडायचीच तर मधल्या उभ्या पत्र्यात.

पण यांच्याकडे आखूड ट्रकच होता, आणि देणगीचा होता. म्हणून आम्ही टाकी बदलली. ३०० गॅलनची, ११३६ किलो पाण्याची, आणि मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या अर्धा मीटर पुढे. पुन्हा काट्यावर. पुढे २९००, मागे ३०००. मी इतका सुरेख आकडा फार वेळा पाहिलेला नाही.

प्रमुख म्हणाला, 'मिनिटाला ३० गॅलनने हे दहा मिनिटांत संपेल.' बरोबर होतं. त्याचं उत्तर ट्रकच्या पाठीवर नव्हतं, गावात होतं. पुढे आखूड ट्रक, कुंपणातून आणि सीडरमधून वळत जाणारा. मागे रस्त्यावर थांबणारा सहाचाकी ५०० गॅलनवाला, जो त्याला पाणी देईल. दुसरा ट्रक वनविभागाकडून मिळायला त्यांना सव्वा वर्ष लागलं. त्या सव्वा वर्षात घर जाईल का, ही भीती त्याच्याइतकीच मलाही होती, हे मी लपवत नाही. एका रात्री शेजारच्या दोन दलांना बोलवावं लागलं, पण घर वाचलं.

चहाच्या वेळी कोणीतरी मला विचारलं, 'इथे असा ट्रक घेऊन करून देशील का?' नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जीप कापून आणणाऱ्या आपल्या उत्साही मंडळींनी हे लक्षात ठेवा. मी कोणाकडे बघत नाहीये.

ती १००० गॅलनची टाकी फुकट गेली नाही. दलाच्या शेडमागे उंच ओट्यावर ठेवलीये, कायम भरलेली. आखूड ट्रक परत आला की तिच्याखाली उभा करतात, वरचा मोठा कॉक सोडतात आणि पंप न लावता तो भरून निघतो. ड्रायव्हर तोच आहे. स्टिअरिंग फार जड झालंय, ही त्याची तक्रार अजून चालू आहे.